मंगलला बघायला आले आणि पंप बघून गेले

सुमन पोरी,

सगळ्यात आधी कोण आलं असेल, सांग बघू? मुलाची आत्या! बाकीचे दुपारच्या गाडीने यायचे होते, ही बाई एक एस.टी. आधीच धुळ्याहून निघालेली. माझे केस मोकळे, भरताची वांगी विस्तवावर, आणि ही दारात उभी! "पोर मंग देखसू, पहिले चूल देखू द्या," म्हणत सरळ स्वयंपाकघरात. डब्यांची झाकणं उघडून बघितली गं! मग नाकाला पदर लावून म्हणते, "घर ते चांगलं शे, पन बठ्ठा घरमा तेलना वास येस."

मी म्हटलं, "अक्का, मागे कारखाना आहे. अत्तराचं दुकान असतं तर अत्तराचा आला असता."

तुझ्या मंगलला बघायला आले होते, म्हणून लिहायला बसले. वर 'चिरंजीव' लिहायला हात गेला होता, तसाच मागे घेतला. मंगल दळण घेऊन गिरणीत गेली आहे, ती यायच्या आत तुला सगळं सांगून टाकते. मला लिहायला वेळ लागतो, तुला माहीत आहे. पण परवापासून जेवण गोड लागत नाही. आनंद झालाय तो पोटात मावत नाही, आणि तुझ्या फोटोसमोर उभी राहिले की मान वर होत नाही. असं का, ते सांगते.

तू होतीस तेव्हा कारखाना म्हणजे मागचे पत्रे, एक लेथ आणि आपलीच तीन माणसं. तुझे सासरे आबा लेथवर, तुझा नवरा वसंता जोडणीला, पुतण्या रघू मोटारीच्या तारा गुंडाळायला. आजही तेच तिघं, तेच पत्रे. पंप मात्र असा करतात की विहिरीत उतरवला की पोरं मोठी होईपर्यंत काढायला नको. पण विकणार कोण? शेतकरी येतो, विचारतो, "आबा, चालेल ना?" आबा म्हणतात, "न चालायला काय झालं?" आणि पुन्हा लेथकडे तोंड. वसंता नुसती मान हलवतो. रघू तर गिऱ्हाईक दिसलं की पाणी प्यायला पळतो!

आणि स्टेशनकडचे ते लोक बघ. आपल्याबरोबरच सुरू केलं त्यांनी. त्यांचा पंप ठिबकतो, गावाला ठाऊक आहे. पण त्यांच्यात एक बनवणारा, एक गावोगाव हिंडणारा, आणि एक बँकेच्या साहेबासमोर खुर्चीत बसून बोलणारा. आज त्यांच्या दाराशी ट्रक लागतो. आपले पंप रांगेने उभे, मुंडावळ्या बांधून वाट बघणाऱ्या नवरदेवांसारखे.

तू मला म्हणायचीस, "आत्याबाई, तिघंही हाताचेच हो. एक तरी तोंडाचा पाहिजे होता." मला तेव्हाच पटलं होतं. मी शोधतही होते. पण कुठे शोधत होते? भाच्यांत, पुतण्यांत, आणि शेवटी जावयांत.

हे प्रकाशचं स्थळ आलं ना, तेव्हा मी का हुरळले माहीत आहे? मुलगा धुळ्याला मशिनरीच्या दुकानात आहे, फटफटीवर साक्री-शिरपूरपर्यंत फिरतो, बोलणं गोड. मुलगा निर्व्यसनी आहे का, स्वभावाने कसा, हे मी नंतर विचारलं. आधी विचारलं, तो कुठकुठली गावं हिंडतो! मला मंगलला नवरा मिळतोय असं वाटलंच नाही, सुमन. आपल्याला चौथा मिळाला असं वाटलं.

तर परवा प्रकाश आणि त्याचे वडील नाना आले. मंगल आत तुझं अंजिरी पातळ नेसून बसलेली. आणि मी काय करावं? त्यांना आधी नेलं मागे शेडमध्ये! पदराने एकेका पंपावरची धूळ पुसून दाखवत होते. आत पोरगी ताटकळतेय याची मला आठवणच नाही.

नानांनी विचारलं, "माझी मोटार दर उन्हाळ्यात जळते. तुमची जळणार नाही कशावरून?"

आबा म्हणाले, "जाळली तर जळेल."

झालं! प्रकाश खाली बघून हसतोय, वसंता मान हलवतोय, रघू पाण्याला निघालेला. तेवढ्यात मंगलच चहाचा ट्रे घेऊन शेडमध्ये आली. "आजी, चहा निवला असता," म्हणाली. आणि कप हातात देता देता नानांना कसं सहज विचारलं, "तुमच्याकडे मोटार चालू कोण करतं हो?"

नाना हसले. "मी बाजारात, हा दुकानात. याची आई करते."

मागून आत्या बोलली, "वहिनी लाकूडघाई बटन दाबस! हात लावाले घाबरस. एक डाव झटका बसना ना तिले!" म्हणजे लाकडाने बटण दाबते गं ती!

"मग उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तुटलं की बंद कोण करतं?" मंगलने विचारलं.

नानांनी कप खाली ठेवला. "मी घरी आल्यावर... मीच."

"तोवर कोरडीच चालते? मग जळणारच ना!"

आपले तिघं एकमेकांकडे बघायला लागले. इतकी वर्षं मोटारी करतात, पण विहिरीवर बटण दाबायला कोण उभं असतं, हे एकालाही कधी सुचलं नव्हतं! मंगल तिच्या बापाला, वसंताला म्हणाली, "भाऊ, बटणाची पेटी लाकडी फळीवर बसवून द्या, बाईचा हात पोचेल इतकी खाली. काकूंची भीती मी घालवते, एकदा मला तिकडे न्या."

आबा म्हणाले, "हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही विचारलं कुठे, आबा? चहा मी देते, म्हणून गिऱ्हाईकं मला सांगतात."

मग भरीत-पुरी झाली. निघताना नाना काय म्हणाले ऐक. "एक पंप बाजूला काढून ठेवा. पोरीचं विचार करून सांगतो." हसलीस ना? मीही हसले. टाळी वाजवायचीच बाकी होती! ज्याला गावोगाव शोधत होते, ते आपल्याच घरात चहाचे कप विसळत होतं.

आणि पोरी, त्याच क्षणी माझ्या मनात काय आलं, ते तुला नाही सांगितलं तर मी कुणाला सांगू? मनात आलं, मग ही धुळ्याला कशाला द्यायची? काहीतरी खुसपट काढून स्थळ मोडावं, मंगल इथेच राहील, आपला माल खपेल. सकाळी चौथा आणायला तिला द्यायला निघाले होते, संध्याकाळी चौथी जाऊ नये म्हणून अडवायला निघाले! दोन्ही वेळा तुझी लेक माझ्या डोळ्यांसमोर नव्हतीच. शेडच होती.

ते गेल्यावर आम्ही दोघी भांडी घासत होतो. मंगल वर न बघता म्हणाली, "आजी, त्यांना काय दाखवायला बोलावलं होतंस? मला की पंपाला?"

"तुलाच गं."

"चौथा माणूस पाहिजे होता तर तसं सांगायचं. मला पातळ कशाला नेसवलंस?"

मी घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं. तू असतीस तर तिला आधी जवळ घेऊन विचारलं असतंस. इतक्या लवकर का गेलीस गं? आणि जाताना तिचा हात माझ्या हातात का दिलास?

शेवटी विचारलं, "मुलगा आवडला का तुला?"

"जाताना त्याने विचारलं, तू अजून काय काय ऐकतेस गिऱ्हाइकांकडून? असं मला कुणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "पण एवढ्यावर काय कळतं? मला त्याच्याशी एकटीने बोलायचंय. तू नको, आबा नको, ती आत्या तर नकोच. मी त्याला सांगणार, लग्न झालं तरी मी आपल्या पंपाचं काम करणार. धुळ्यात बसून करीन, गावं फिरून करीन. त्याची बायको म्हणून हातभार नाही, तिघांबरोबरची चौथी म्हणून. चालत असेल तर हो. नसेल चालत तर मी नाही म्हणणार, आणि तू मला समजवायला यायचं नाही."

एकटीने बोलायचं! लोक काय म्हणतील? पण मग वाटलं, तू तिला काय म्हणाली असतीस? 'बोल,' म्हणाली असतीस.

आज सकाळी मंगलचं म्हणणं आबांना सांगितलं. त्यांनी लेथ बंद केली, जेवायला हाक मारल्याशिवाय कधी करत नाहीत. हात पुसले. मग म्हणाले, "तिला विचार, शेडमध्ये बसायला खुर्ची पाहिजे की स्टूल." एवढंच! पण वसंता रडला गं. रघूही या वेळी पाण्याला गेला नाही.

सुमन, तुला वचन देते. त्या दोघांना मी माजघरात बसवीन, दार उघडं ठेवीन आणि कान बंद. आत्याला अंगणात गुंतवून ठेवीन, तिने कितीही डोकावलं तरी. मंगल बाहेर येऊन 'नाही' म्हणाली, तर नानांना ते मी सांगीन, तिला सांगायला लावणार नाही. 'हो' म्हणाली, तरी ते कारखान्यासाठी नाही ना, हे तिच्या तोंडाकडे नीट बघून मगच साखर वाटीन.

गिरणीतून आली वाटतं, कडी वाजली. बुधवारी येणार आहेत ते लोक.

तुझी सासू,
मंगलची आजी