दिवसा झोपायची खोली

रविवार, २ मार्च २०२५. सकाळी सव्वासात.

लग्नासाठी नेकनूरच्या घरात बांधलेल्या नव्या खोलीच्या खिडकीचं माप घेत होतो, तेवढ्यात आम्रपालीचा फोन आला. रात्रपाळी संपवून ती बीडच्या स्टँडवर गाडीची वाट पाहत होती. ती माझ्या मामाची मुलगी, बीडच्या दवाखान्यात नर्स आहे. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी आमचं लग्न. साखरपुडा झाल्यापासून आम्ही एकमेकांना तुम्ही म्हणतो.

खोलीची खिडकी कुठल्या बाजूला, असं तिने विचारलं. गल्लीकडे, म्हणालो.

"मला दिवसा झोपावं लागतं. अंधार लागतो. आत्याला जमणार नसेल तर आत्ताच सांगा. मी बीडला खोली करीन, तुम्ही सुट्टीला येत जा."

हे ती रागाने म्हणाली नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

मंगळवार, ४ मार्च

आईला सांगितलं — म्हणजे अर्धंच. पडदे लावायचे आहेत म्हणालो. दिवसासुद्धा ओढून ठेवायचे आहेत, हे जेवताना निघालं. आईने हातातला घास ताटात ठेवला.

नेकनूरला आमच्या गल्लीत दिवसा खिडकी बंद दिसली, की माणसं विचारायला येतात. कोण आजारी आहे, कोण गेलं? विरजण खिडकीतून, काडेपेटी खिडकीतून, सोयरिकीचे निरोपही तिथूनच. आई म्हणाली, सून दिवसाढवळ्या लोळते असं लोक म्हणतील; त्यात ती स्वतःच्या भावाची लेक, म्हणजे बोल आईलाच लागणार.

रात्रभर पेशंट बघून येते ती, मी म्हणालो.

"रात्री कोण बघतंय तिला? दिवसा समदे बघतेत."

आई ताट घेऊन उठली.

शुक्रवार, ७ मार्च

मी काम करतो त्या दुकानातून अर्धी सुट्टी घेऊन बीडला गेलो. आम्रपालीने शब्द सांगितला होता — ब्लॅकआउट, म्हणजे उजेड आत न येऊ देणारं कापड. चिठ्ठीवर नीट लिहून नेला, कारण नववी नापास माणसाने कापडाच्या दुकानात अडखळू नये. चिठ्ठी काढायची वेळच आली नाही, दुकानदाराने स्वतःच दहा गठ्ठे उलगडले. करडं, वांगी, निळं. दोरीने वर ओढायचे पट्ट्यांचे पडदेही दाखवले. दिसायला झकास, पण पट्ट्यांच्या फटीतून उजेड येतो. नको.

मोबाईलची बॅटरी लावून प्रत्येक कापडामागे धरली. करड्यातून ठिपका दिसला. निळ्यातून काहीच नाही.

"कापड घ्यायला आलात का चोर धरायला?" दुकानदार म्हणाला. मलाही हसू आलं.

निळं घेतलं. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, बरोबर चार फूट, खिडकीही बरोबर चार फूट. इतकं जुळलेलं पाहून येताना गाडीत लई बरं वाटलं!

शनिवार, ८ मार्च

चाँदभाई आमच्या गावचे शिंपी. त्यांनी कापड टेबलावर पसरलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हे खिडकीचं माप झालं. पडद्याचं कुठाय?"

पडद्याला चुण्या लागतात. रुंदी दुप्पट घ्यायची. सपाट कापड टांगलं की दोन्ही कडांनी ऊन आत येतं आणि जरा वारा सुटला की फडफडतं. मी खिडकी तीनदा मोजली आणि हे कुणाला विचारलंच नाही. "चादरच टांगायची तर शिवायला कावून आणली बे?" असं म्हणून त्यांनी कापड बाजूला ठेवलं, पण परत नाही दिलं.

आणखी तेवढंच कापड आणायला तसाच बीडच्या गाडीत बसलो. ते निळं संपलं असेल — मांजरसुंब्यापर्यंत हाच विचार. होतं!

मंगळवार, ११ मार्च

समोरच्या दगडाबाई खिडकीशी आल्या. पडद्याचं कापड त्यांना चाँदभाईंकडे दिसलं होतं. आत टॉकीज काढणार का, विचारत होत्या. आई हसली नाही.

आम्रपालीने बीडला एक खोली पाहून ठेवली आहे. मालकाला सोमवारी शब्द द्यायचा आहे. रविवारपर्यंत सांगा, म्हणाली. आत्या कशी आहे तेही विचारलं. बरी आहे, म्हणालो.

मी तिकडे गेलो तर आई इथे एकटी. मी इथे राहिलो तर लग्न कशाला म्हणायचं?

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. दुकान बंद. शिवून आलेल्या पडद्यासाठी दांडा बसवला. नव्या प्लास्टरमध्ये एक भोक तिरपं गेलं, बुजवून पुन्हा पाडलं. पडदा ओढला तर वरून उजेडाची रेघ. दांडा चार बोटं वर घेतला. मग अंधार! माझाच हात मला दिसेना.

आई दारात उभी होती. "अवस केलीस घराची," म्हणाली.

मग मी बीडच्या खोलीचं सांगून टाकलं. सांगायचं नव्हतं अशा वेळी. आई म्हणाली, "जा की मंग. मी कुठं धरलंय तुला?"

शनिवार, १५ मार्च

आईने ताट वाढून झाकून ठेवलं आणि ओट्यावर जाऊन बसली. मी एकटाच जेवलो.

रविवार, १६ मार्च

दुपारी आई नवी खोली झाडायला गेली. चहाची वेळ झाली तरी बाहेर येईना. दार लोटलं. पडदा ओढलेला. आधी काही दिसलं नाही, नुसता श्वास ऐकू आला. मग दिसलं. फरशीवर पदर अंगावर घेऊन आई झोपली होती, झाडणी पायाशी. आईला दिवसा झोपलेली मी कधी पाहिली नव्हती. तापातसुद्धा नाही.

दार हळूच लावलं. तोवर दगडाबाई ओट्यावर आल्या होत्या.

"खिडकी लावली? कोण आजारी हाय का रं?"

"न्हाई. झोपलंय घरात."

"सून आली का काय आत्ताच?"

"आई हाय," मी म्हणालो. "हळू बोला."

दिवेलागणीला उठली. चूळ भरली. आम्रपालीला फोन लावून दे, म्हणाली. "ती खोली नको घेऊ गं," एवढंच बोलली आणि फोन माझ्या हातात दिला.

कापड, दांडा, गाडीभाडं — दिले तीन हजार चारशे दहा. चाँदभाईंची शिलाई, तीनशे, द्यायची आहे.