ताडून पाहिलेली प्रत

४ जून
आले एकदाची! बसने हाडं खिळखिळी केली, पण खोली बघून सगळा शीण पळाला. ग्रंथालयाच्या मागच्या अंगाला, वरच्या मजल्यावर, खिडकीखाली तलाव. आरशाला तडा आहे, चालेल. माझं थोबाड तरी कुठे धड आहे. मला या ग्रंथालयाचा इतिहास लिहायचाय, पार जुन्या मठापासून ते साहेबाच्या अमलापर्यंत. मुलाखतीत ग्रंथपालांनी एक पान वाचून दाखवलं आणि मी ते धडाधड परत म्हणून दाखवलं. नोकरी तिथेच पक्की! फुशारकी म्हणा हवं तर, पण एकदा ऐकलं की मी विसरत नाही. माझी लेक चिमी तशीच, आठ वर्षांचा पोपट. सध्या ती ताईकडे आहे, शाळेचं जमलं की घेऊन येईन. ग्रंथपालांनी तिची फार आस्थेने चौकशी केली. माणूस मऊ बोलतो.

९ जून
इतिहास भलताच मजेदार निघाला. पूर्वी इथून पोथी बाहेर न्यायला सक्त मनाई. पानं जीर्ण झाली की नवी प्रत करायची, दोन्ही ओळ न् ओळ ताडून पाहायच्या आणि मग जुनी तलावात सोडायची. पुढे साहेब आला, पेट्या भरभरून पोथ्या जहाजाने घेऊन गेला. एक मात्र त्याच्या हाती लागली नाही. ग्रंथपालांच्या पणजोबांनी ती एका कारकुनाकडून पाठ करून घेतली आणि पानं जाळून टाकली. शोध म्हणावं आता! वाचून मी एकटीच हसत बसले.

पुस्तकबांधणीच्या खोलीत एक म्हातारी दिवसभर पुटपुटत असते. मला वाटलं, डोकं फिरलंय. ग्रंथपाल म्हणाले, तीच ती पोथी, शेवटची. रोज जाऊन बसा, पाठ करा.

२१ जून
निम्म्याच्या वर झाली. आज म्हातारीने माझ्या तोंडावर हात दाबला. शिकू नकोस म्हणाली, हात जोडले. जळते मेली माझ्यावर! आयुष्यभर एकटीच मिरवली ना. मी सरळ ग्रंथपालांना सांगितलं. उद्यापासून ते स्वतः तिच्याजवळ बसणार आहेत.

२ जुलै
पाठ झाली! ग्रंथपालांनी आम्हाला समोरासमोर बसवून एकदम म्हणायला लावलं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मी खुशीत, आणि म्हातारी ढसाढसा रडत होती. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चिमीला आणायला आजच गाडी पाठवतो म्हणाले. देवमाणूस.

३ जुलै
बांधणीची खोली धुऊन काढलीय. म्हातारी कुठे गेली, विचारलं. ग्रंथपाल चष्मा पुसत म्हणाले, "नवी प्रत ताडून झाली की जुनी आपण ठेवत नाही."

मी हसले. ते हसले नाहीत.

फाटकापर्यंत धावत गेले. पहारेकऱ्याने दंड धरून परत आणलं. पोथी बाहेर जात नाही बाई, म्हणाला. मी त्याला वाट्टेल ते बोलले. आणि गाडी कालच गेलीय. चिमीला आणायला मीच हो म्हटलं, मीच.

५ जुलै
चिमी आली. गळ्यात पडली, ताईकडच्या मांजराचं काय काय सांगत बसली. मी तोंडातून पोथीचा एक शब्द काढणार नाही. जीभ चावून धरीन.

८ जुलै
मी झोपेत म्हणते. चिमी सांगते, आई तू किती छान म्हणतेस. पहिला अध्याय तिला आला. आणि ग्रंथपालांना म्हणून दाखवला तिने, कौतुकाने.

११ जुलै
सुचलं! मुद्दाम चुकीचं शिकवायचं. दुसरा तिने झोपेतलाच ऐकून उचललाय; तिसऱ्या, शेवटच्या अध्यायात शब्द फिरवले, ओळी खाल्ल्या. अशुद्ध प्रत ती प्रतच नाही. मग मला बुडवता येणार नाही, आणि तिला कोण विचारतो? सोडतील घरी. ताईकडे.

१४ जुलै
ताडून पाहिली. चिमी तिसऱ्या अध्यायात चुकली. माझा जीव भांड्यात पडला. ग्रंथपालांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "चुकीची प्रत तर आम्ही आधी बुडवतो. परवा पुन्हा बघू."

१५ जुलै
शिकवतेय. सकाळपासून. बरोबर ते शिकवतेय. पण चुकीचं तिच्या डोक्यातून निघत नाही. एकदा म्हणते नीट, की परत तेच. म्हणते, तूच तर असं सांगितलंस. मी तिला मारलं. जन्मात पहिल्यांदा. गालावर बोटं उठली. रडत रडत म्हणत राहिली बिचारी—

जगू दे तिला. इथे का होईना. कोंडून का होईना. माझं काय व्हायचं ते—

१६ जुलै
मला बाहेर बसवलंय. आधी ती एकटी म्हणणार, मग दोघी. दाराच्या फटीतून दिसतेय. वेणी नीट घातली होती, सुटली—

दुसरा अध्याय. छान.

तिसरा. थांबली. म्हण ना, बाळा. म्हण—

म्हणाली. बरोबर. ती ओळ, तीही. सगळी बरोबर!

ग्रंथपाल टाळ्या वाजवतायत. चिमी उड्या मारत दाराकडे येतेय. आई, आता तू, म्हणते, दोघींनी मिळून. किती खूश आहे. तिला काही माहीत नाही. कुणी सांगू नका तिला. मी चुकवलं तर तिच्यावर येईल, मला एकही शब्द चुकवता येणार—

तलावाकडचं दार उघडलंय. हात धरून ओढतेय मला, चल ना आई, चल