रूथआत्या सगळ्यांपुढे उभी राहिली

रविवार, संध्याकाळ. पारनेर.

आज माझ्यावर घोर अन्याय झाला. उपासनेनंतरची मंडळीची बैठक इतकी लांबली, की रविवारचं मटण गार खावं लागलं. इतिहासाने नोंद घ्यावी.

कारण रूथआत्या. आमच्या चर्चमधली घरं स्वयंपाकाआधी मूठभर धान्य बाजूला काढतात, ते गरजूंना वाटतात. पण मिशनच्या काळातला नियम असा, की ज्याला धान्य हवं त्यानं सगळ्यांपुढे उभं राहून आपल्या वागणुकीबद्दल पंचांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. विधवा सरला त्या उभं राहण्यापायीच धान्य नेत नव्हती. लेकरं अर्धपोटी. सगळ्यांना माहीत होतं. मग? मग काही नाही, आम्ही गाणी म्हणत होतो.

आज आत्याच पुढे जाऊन उभी राहिली. "विचारा मला."

पंच गडबडले. "आत्या, तुमाला कशाला?"

"विचारा की! दर रविवारी येते का? न्हाई. भांडते का? लई. सुनेशी गोड बोलते का? तिलाच विचारा."

मागून सून म्हणाली, "न्हाई!" सगळे हसले.

आत्या हसली नाही. "मी नापास. तरी दोन्ही वेळा जेवते. मग सरलानंच का पास व्हायचं?"

नियम रद्द. विरोधात एकही हात नाही. धान्य आत्यानंच सरलाकडे पोचवलं. माझ्या इतक्या वर्षांच्या तिरकस लिखाणानं हे झालं असतं का? तिचं ते उभं राहणं डोळ्यांपुढून हलत नाही.

नाताळात तिनं करंज्या भरून पाठवलेला डबा माझ्याकडेच राहिला होता. मघाशी लाडू भरून देऊन आलो.

"इतक्या दिसांनी कसा, हे विचारत न्हाई," म्हणाली आणि डबा घेतला.