तारेतला ‘लेफ्ट’

उंब्रज,
ता. १२ नोव्हेंबर १९७२

ती. गुणमालाबाईंना रंगूचा नमस्कार.

आमी सारी बरी आहोत. सांगलीची शाळा तुमाला मानवली का? यंदा पाऊस न्हाई, विहिरीचा तळ दिसतोय. म्हैस तेवढी दूध देते. हे आता शाळेतल्या पोरांची कवायत घेतात.

बाई, खरं लिवायचं टाळायला हे सारं लिवतेय.

गेल्या डिसेंबरात लढाईवरनं इंग्रजीतली तार आली, ती माझ्या दिरानं, नाथाजी भाऊजींनी वाचली. ह्यांचं नाव, पुढं ‘लेफ्ट’. भाऊजी एस.टी. स्टँडवर कामाला, तिथं लेफ्ट म्हंजे गाडी गेली. आपला मानसिंग गेला, म्हणाले. बायका माझ्या बांगड्या फोडायला पुढं झाल्या. तेवढ्यात तुमी वर्ग सोडून पळत आलात, तार वाचलीत. “थांबा. इथं लेफ्ट म्हणजे डावा. डाव्या पायाला लागलंय. मानसिंग जिवंत आहे.”

मी तुमच्या पायांवर पडले.

मग पुण्याला मिलिटरीच्या दवाखान्यात गेले, तर अंगावरचं कांबळं डाव्या बाजूला सपाट. गुडघ्याच्या वरनं पाय काढलेला. ते तारेत हुतं, हे तिथं कळलं, पण तुमी सांगितलं न्हवतं. बाईंनी फसवलं, हे मनात घट्ट बसलं. उन्हाळ्यात बदली झाली म्हणून निरोप घ्यायला तुमी दारात आलात, तवा मी घरात न्हाई असं सांगायला लावलं. मी आतच हुते, बाई.

परवा ह्यांना ट्रंकेत ती तार घावली. मी माझा राग सांगितला. ह्यांनी तार घडी करून परत ठेवली. मग म्हणाले, “बाईंनी आधी माझा जीव तुझ्या पदरात घातला, रंगू. पायाचं सांगायचं काम माझं हुतं.”

लेफ्ट म्हंजे उरलेलं बी असतं, म्हणाले. पलटणीत जेवणं झाल्यावर विचारायचे, किती लेफ्ट? मी इचारलं, मग आपलं काय लेफ्ट? लाकडी पाय बांधता बांधता हे हसले. लढाईवरनं आल्यावर पहिल्यांदाच.

त्या दिवशी तुमी सारं एकदम वाचलं असतं, तर मी पुण्यापत्तर पोचलेच नसते. हे मला कळायला वरीस लागलं.

माफी लिवली आणि खोडली. एका ओळीत मावंना. माघात आमी दोघं सांगलीला येतो. ह्यांना तुमाला चालून दाखवायचंय.

खाली नावाआधीचं अक्षर जरा मोठं आलंय. असू द्या. ते तुमीच राखलंय.

तुमची,
सौ. रंगुबाई मानसिंग साळुंखे