देव्हाऱ्यातला पहिला अंक

अकोला, मंगळवार

आज हिवरखेडला वहिनींकडे जाऊन आले. आजोबांच्या साप्ताहिकाचा पहिला अंक वहिनींच्या देव्हाऱ्यात असतो. दर दसऱ्याला त्यावर हळदकुंकू. हळदीखालची अक्षरे पार पुसट झाली आहेत. दुसरी प्रत कुठेही नाही, आणि इथल्या ग्रंथालयात चाललेले जुन्या अंकांचे स्कॅनिंग उद्या संपते.

"एका दिवसासाठी द्या, वहिनी."

"वावर कर्जात गेलं यंदा. आता देवबी नेता का, ताई?"

अंक जपला त्यांनीच, आणि अक्षरे गेली तीही त्या हळदीनेच.

शेवटी त्याच उठल्या. "देवाची जागा रिकामी नाई ठेवत. तुमचं काई ठेवून जा. अन् हळद पुसू नका."

घेतले: पहिला अंक, हळदीसह. दिले: माझे कॉलेजातले शाईचे पेन, वहिनींनी त्याला लगेच कुंकू लावले. हे पेन्सिलीने लिहिते आहे.