खरवसाचा तुकडा

मुरबाड, ११ मे २०२४

चि. दर्शनास, काशीताईचा आशीर्वाद.

माथ्यावर श्री लिहायला हात धजला नाय. फोनवर तुझा आवाज ऐकला की बोलवतच नाय, म्हणून लिहिते.

माझी मनस्वी गेल्यापासून घरात कोणी माझ्याशी धड बोलत नाय. दिराच्या हळदीत खरवस खाल्लेले सगळेच आजारी पडले. बाकीचे दवाखान्यातून घरी आले, माझी लेक तेवढी आली नाय. सासूबाई म्हणतात, खरवस तू केलास, तूच खाल्लीस पोरीला. तुझे भावोजी ऐकतात नि मान खाली घालून जेवत राहतात.

शेजारच्या पारूकाकूच्या फ्रीजरात एक तुकडा राहिला होता. डब्यात बर्फ घालून पाठवतेय. तू लॅबमध्ये हेच तपासतेस ना? बघ गो. खरवस चांगला होता, एवढंच लिही.

लोभ आहेच, तो आटू देऊ नको.
तुझी ताई

शहापूर, १९ मे २०२४

ती. काशीताईस, दर्शनाचा साष्टांग नमस्कार.

डबा मिळाला. तपासणी सगळी मीच केली. आधी जुन्या पद्धतीनं ताटलीत जंतू वाढतात का ते पाहिलं. काही उगवलं नाही. तुला फोन लावणारच होते. पण फ्रीजरमध्ये जंतू मरूनही जातात, म्हणून पीसीआर केलं. त्यात मेलेल्या जंतूचाही माग लागतो. त्याचा अंश मशीन दुप्पट दुप्पट करत जातं आणि पडद्यावर रेघ वर चढते.

ताई, रेघ चढली. पुन्हा लावलं, पुन्हा चढली. साल्मोनेला आहे.

खोटं लिहायला बसले होते, जमलं नाही. पण एक ऐक. वाफवलेल्या खरवसात हा जंतू टिकत नाही. तो नंतर आलाय, कोंबडी कापलेल्या सुरीवरून नाहीतर कुणाच्या हातावरून. कुणाच्या, ते मशीन सांगत नाही.

माझ्यावरची माया कमी करू नकोस.
तुझी दर्शना

मुरबाड, २७ मे २०२४

चि. दर्शनास, आशीर्वाद.

तुझं पत्र मी घरात मोठ्यानं वाचलं. साल्मोनेलापर्यंत आले तशा सासूबाई उठल्या, म्हणाल्या, बघा, सख्खी बहीणच सांगते. पुढचं कोणी ऐकलं नाय. तुझे भावोजी गोठ्यात निघून गेले.

मशीन हात सांगत नाय, पण आमच्या घरानं हात ठरवलाय. मला चुलीकडं जाऊ देत नाय. माझ्या हातचं पाणीपण कोणी घेत नाय. तुझ्यावर राग नाय गो. खोटं लिहिलं असतंस तर मी ओळखलं असतं.

इथं मनस्वीचं नाव काढलं की सगळे उठून जातात. तू तिला जत्रेत नेलं होतंस. तिनं काय काय मागितलं, कशासाठी रडली, सगळं लिही. लांबलचक लिही. तपासणीचं काय नको.

आठवण ठेव.
तुझी ताई