भिंतीवर सिकलसेलचे नाव रंगवून मिळणेबाबत

दिनांक : १८ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
प्राथमिक आरोग्य केंद्र, वडखोरे,
ता. चांदवड, जि. नाशिक.

अर्जदार : शेखर सावळीराम गांगुर्डे, मु. टेंभवाडी, पो. वडखोरे.

विषय : राहत्या घराच्या भिंतीवर 'सिकलसेल' या रोगाचे नाव शासकीय रंगात व शासकीय हुकमाने रंगवून मिळणेबाबत.

संदर्भ : आपले आरोग्य सेवक श्री. देवराम यांनी आमच्या ओट्यावर चहा घेता घेता दिलेले तोंडी उत्तर, "असं कुठं असतं का राव?"

महोदया,

वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज करतो की, आमच्या भिंतीवर लिहू नका, लिहिलेले पुसा, असे अर्ज आपल्याकडे ढिगाने येत असतील. माझा अर्ज उलटा आहे. आमच्या भिंतीवर लिहा, असे माझे म्हणणे आहे. अर्जदार पूर्ण शुद्धीत असून येथील पतसंस्थेत लिपिक आहे, हे सुरुवातीसच नमूद करतो, कारण देवरामभाऊंना त्याबद्दल शंका आलेली दिसली.

१) माझी मुलगी कु. वेदिका, इयत्ता दुसरी, हिला सिकलसेल आहे. हे आपणास ठाऊकच आहे, कारण ते आपणच शोधून काढलेत. हातपाय दुखतात म्हणून ती रडायची, तेव्हा आम्ही थंडीला दोष दिला, मग शाळेतल्या कवायतीला दिला, मग माझ्या मेहुणीच्या नजरेला दिला. आपण बोटातून रक्ताचा थेंब घेतलात, मोठी तपासणी नाशिकहून करून आणलीत आणि मुलीच्या हाती रुग्णाचे लाल कार्ड व आम्हा नवराबायकोच्या हाती वाहकाची पिवळी कार्डे ठेवलीत. म्हणजे रोग दोघांकडून अर्धा अर्धा आलेला आहे. माझ्या मेहुणीची आम्ही मनातल्या मनात माफी मागितली आहे. आपण सांगितलेत की कॅप्सूल रोज घ्यायची, खाडा करायचा नाही, नाहीतर पुढच्या वेळी दुखणे हाडांवर न थांबता छातीत जाऊ शकते. तेव्हापासून माझी पत्नी सौ. चैताली नीट झोपलेली नाही. मीही नाही, पण मी घोरतो, त्यामुळे ते कोणाला पटत नाही.

२) कॅप्सूल सरकारने दिली, घरपोच दिली, याबद्दल शासनाचे आभार. अडचण एवढीच की ती मुलीच्या पोटात जात नाही. दुपारच्या जेवणानंतर द्यायची असते. त्या वेळी मी पतसंस्थेत आणि चैताली द्राक्षाच्या पॅकिंगला निफाडकडे असते, आणि घरात असते माझी आई श्रीमती लंकाबाई. डबी तिने आपल्या ट्रंकेत ठेवली असून किल्ली कमरेला आहे. रात्री आम्ही दुसरी डबी आणून द्यायचा प्रयत्न केला, तर वेदिका तोंड घट्ट मिटून बसते. आजी म्हणेल तेव्हाच घेणार म्हणते. या दोघींची युती आहे आणि आम्ही विरोधी पक्षात आहोत.

३) आईचे म्हणणे तिच्याच शब्दांत देतो, भाषेबद्दल क्षमस्व : "आपल्या भिंतीवर नाव आल्याबिगर आजवर एक तरी रोग गेलाय का? मंग याचं नाव का नाय? ज्याचं नाव सरकारला लिहिता येत नाय त्याचं औषिध सरकारला काय कळणार?"

महोदया, हे ऐकून आपण हसाल. मीही हसलो होतो. पण आईचा हा हिशेब कुठून आला ते सांगितल्याशिवाय अर्ज पुढे सरकणार नाही.

आमचे घर गावात शिरतानाच्या वळणावर आहे. एसटी, बैलगाडी, मोटार, जे येईल ते आमच्या भिंतीकडे तोंड करून यायचे. त्यामुळे आरोग्य खात्याची जी म्हणून मोहीम निघाली ती गेरू आणि ब्रश घेऊन आधी आमच्याकडे आली. वडिलांना कोणी कधी विचारले नाही. त्यांच्याकडे फक्त शिडी मागायचे.

आई लग्न होऊन आली त्या सुमारास भिंतीवर होते : 'देवीचा रोगी कळवा, बक्षीस मिळवा.' आजोबा भडकले होते. देवीचे नाव असे रस्त्यावर लिहितात का, कोप होईल म्हणाले. कोप झाला नाही. उलट देवी त्या साली गेल्या त्या गेल्याच. मग नारू आला, म्हणजे भिंतीवर आला, पायात तर आधीपासून होताच. 'पाणी गाळून प्या' असे लिहिले, विहिरीत औषध टाकले, फडकी वाटली. नारूही गेला. (आई आजही लग्नात मिळणारे बाटलीबंद पाणी पदरातून गाळून पिते. वऱ्हाडी बघत राहतात.) मग कुष्ठरोगाच्या गोळ्यांची पाळी आली. आमच्याच आळीतले एक गृहस्थ, ज्यांना लोक ओट्याखालून भाकरी द्यायचे, ते बरे होऊन पंगतीत वाढायला लागले. मग पोलिओ. त्या डोसाच्या रविवारी आई सकाळी भिंतीसमोर खुर्ची टाकून बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पोराची करंगळी तपासे. शाई नसली की बखोट धरून बूथवर नेई. एकदा तिने चांदवडच्या एसटीतून उतरलेला पाहुण्यांचा चांगला सहावीतला मुलगा नेला होता. पोलिओही गेला. शेवटी कोरोना. तो भिंतीवर आला, आईने दोन लशी घेतल्या आणि तोही हटला.

मी तिला अपवाद दाखवले. म्हटले, डासांचे लिहिले होते, डास कुठे गेले? ती म्हणाली, तेव्हा रंगाऱ्याने अस्तर न मारताच रंग दिला होता, पहिल्या पावसात अक्षरे वाहून गेली, मग डास कशाला जातील? म्हटले, कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण होता ना भिंतीवर? तो असताना मी तिसरा झालो! त्यावर ती म्हणाली, "तो रोग नव्हता रं. आन् तू झाला ते काय वाईट झालं?"

४) आता खात्याची अडचण. देवरामभाऊ म्हणतात की नवा रस्ता गावाबाहेरून गेल्याने आमची भिंत आता दर्शनी राहिलेली नाही, आणि सिकलसेलसाठी ग्रामपंचायतीवर फ्लेक्स लावलेला आहेच. फ्लेक्स लावला होता, हे खरे. वावटळीत तो सुटला आणि सध्या श्री. बारकू यांच्या कांद्याच्या ढिगावर उलटा अंथरलेला आहे. कांद्याला सिकलसेल होत नसल्याने त्याचा तेथे उपयोग नाही. मी आईला तो दाखवायला नेले. ती म्हणाली, "जो स्वतः उडून गेला तो रोगाला काय उडवणार?"

५) मग मी स्वतःच खडू घेऊन भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'सिकलसेल' लिहिले. आईने ओल्या फडक्याने पुसले. "तुझ्या हातचं नको. तू काय सरकार हाय?" म्हणून माझा चुलतभाऊ मल्हारी, जो पेंटर आहे आणि ज्याने मागच्या दोन्ही मोहिमा रंगवल्या, त्याच्याकडे गेलो. त्याने ब्रश खाली ठेवला. त्याचे दोन मुलगे लग्नाचे आहेत. आमच्या घरात रोग निघाल्यावर खरे तर सगळ्या भाऊबंदांनी तपासून घ्यायला हवे होते, आपण तसा निरोपही दिला होता. एकही जण आला नाही. पिवळे कार्ड निघाले तर सोयरीक मोडेल, ही भीती. मल्हारी मला म्हणाला, "शेखर, आळीच्या तोंडावर हे नाव लिहिलं तर पाहुणे वळणावरूनच माघारी फिरतील. साहेबांचा लेखी हुकूम आण. मंग मी लिहिलं नाय, सरकारनं लिहिलं, असं तरी सांगता येईल." मला त्याचा राग आला. पण माझ्या लग्नाआधी कोणी पिवळ्या कार्डाचे नाव काढले असते तर मीही कदाचित त्याच्यासारखाच वागलो असतो, म्हणून घरी आलो.

अशा रीतीने आई सरकारी अक्षरासाठी अडली आहे, पेंटर सरकारी हुकमासाठी अडला आहे, आणि आपल्या एका सहीसाठी माझी मुलगी अडली आहे. हा अर्ज मी येथवर लिहून काल सादर करणार होतो.

६) परंतु काल सायंकाळी एक गोष्ट घडली, ती कळवणे कर्तव्य समजतो. मल्हारी भिंत मोजायला आला होता, म्हणजे हुकूम आलाच तर तयारी असावी म्हणून. वेदिका ओट्यावर पाय शेकत बसली होती. तिने माझ्या आईला विचारले, "आज्जी, भिंतीवर लिहिल्यावर रोग गेले ना, तर ज्यांना ते झाले होते ती माणसं पण गेली का?"

महोदया, मुलगी तोंड मिटून का बसत होती, ते मला तेव्हा कळले. तिला वाटत होते की नाव लिहिले, औषध घेतले, रोग गेला, की त्याच्याबरोबर आपणही जायचे. ती आजीच्या बाजूने नव्हतीच. ती नुसती घाबरलेली होती आणि आम्हाला कोणालाच ते दिसले नव्हते.

आईने वेदिकाचा हात धरून आपल्या गालावर फिरवला. आईच्या तोंडावर वण आहेत, ते मी जन्मापासून पाहतो, पण ते कसले हे मी कधी विचारले नव्हते. ती म्हणाली, "हे बघ. मला देवी आल्या तवा मी तुझ्यायेवढी व्हते, नांदगावला, माहेरी. देवी गेल्या. मी हाय का नाय?"

वेदिकाने सगळे वण बोटाने चाचपून पाहिले. मग म्हणाली, "हायेस."

आईने कमरेची किल्ली काढली, ट्रंक उघडली आणि भिंतीवर एक अक्षरही नसताना स्वतःच्या हाताने तिला कॅप्सूल दिली. वर तांब्याभर पाणी पाजले, गाळून. चैताली स्वयंपाकघरात जाऊन रडली. मल्हारीने टेप गुंडाळली आणि देवरामभाऊंचा फोन नंबर मागितला. मुलांना घेऊन उद्या तपासणीला येतो म्हणाला.

७) सबब, औषधासाठी आता हुकमाची गरज राहिलेली नाही. तरीही हा अर्ज मी मागे घेत नाही. बाकीची आळी अजून दाराआड बसली आहे, आणि आमची भिंत रिकामी बघायची कोणाला सवय नाही. तरी मेहेरबान होऊन पुढील मजकूर रंगवण्याचा लेखी हुकूम व्हावा. पहिली ओळ : 'सिकलसेलची तपासणी करून घ्या.' दुसरी ओळ : 'औषध घ्या. पाणी प्या. शाळेत जा.' रंग व शिडी अर्जदार देईल, अस्तर आई स्वतः उभी राहून मारून घेईल.

एक शेवटची विनंती. आजवरच्या सगळ्या ओळी गाडीतून येणाऱ्यांना दिसाव्यात म्हणून वर, छपराखाली काढल्या गेल्या. ही खाली काढावी. दुसरीतल्या मुलीला ओट्यासमोर उभे राहून, मान वर न करता वाचता येईल, इतक्या उंचीवर.

आपल्या सहीच्या वाटेकडे डोळे लावून,
आपला नम्र,
(सही)
शेखर सावळीराम गांगुर्डे

सोबत :
१. कोऱ्या भिंतीचा फोटो.
२. श्रीमती लंकाबाई यांचे संमतिपत्र, अंगठ्यासह. (त्यांना सही येते, परंतु सरकारी कागदावर अंगठाच चालतो असे त्यांचे मत आहे.)